थांबण्याचं भाडं

लोणावळ्याच्या बंगल्यांमधली कपाटं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही, पण टाकवतही नाही, अशी प्रत्येक वस्तू घाट चढून तिथे येते. स्ट्रायकर हरवलेला कॅरम, बंद पडलेला व्हीसीआर, कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेले लेमन सेट. आणि घरातली पोरं १९९० नंतर वाढलेली असतील तर वायरींच्या गुंत्यात बसलेला एखादा टीव्ही गेम, चार-पाच कॅसेटी, फार तर प्लेस्टेशनच्या डिस्कचं एक खोकं. वर्षानुवर्षं त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग एक दिवस घरातलं कुणी तरी फोनवर वाचतं की अमेरिकेत जुना मारिओ कोटींना विकला गेला, आणि त्या खोक्यावरची धूळ झटकली जाते.

प्रश्न तिथून सुरू होतो. विकायचं का? आत्ता की अजून थांबून? थांबायचं तर कशाची वाट बघत?

ती अमेरिकेतली बातमी आधी नीट वाचू, कारण बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. ११ जुलै २०२१ ला डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावघरात 'सुपर मारिओ ६४' ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपये. दोनच दिवस आधी 'द लेजंड ऑफ झेल्डा' ची एक प्रत ८ लाख ७० हजार डॉलरना गेली होती, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' ची एक प्रत ६ लाख ६० हजारांना. मारिओ ६४ हा दुर्मीळ खेळ मुळीच नव्हे. १९९६ साली आलेल्या या खेळाच्या जगभर एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. दुर्मीळ होती ती त्या प्रतीची अवस्था. प्लास्टिकचं वेष्टन कधीच न उघडलेलं, आणि वाटा नावाच्या कंपनीने तपासून दहापैकी ९.८ गुण दिलेले. खेळ सगळ्यांनी खेळला होता, म्हणून न खेळलेल्या प्रतीला भाव आला.

दुसरी गोष्ट बातमीत दिसतच नाही. लिलावघराची जाहीर किंमत खरेदीदाराने मोजलेली असते, विकणाऱ्याला मिळालेली नव्हे. हेरिटेज तेव्हा खरेदीदाराकडून बोलीवर २० टक्के अधिभार घेत होतं. म्हणजे मारिओ ६४ वरची शेवटची बोली १३ लाख डॉलरची होती. वरचे २ लाख ६० हजार लिलावघराचे. विकणाऱ्याशी झालेल्या करारात आणखी काही कापलं जात असेल तर ते वेगळं. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात दलालाची टक्केवारी कुणी विसरत नाही, पण परदेशातल्या बातमीपुढे अख्खं गाव ती विसरतं.

६ लाख ६० हजारांच्या मारिओची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ती प्रत १९८६ मध्ये नाताळची भेट म्हणून घेतली होती आणि लिहिण्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ३५ वर्षं तशीच पडून राहिली. लोक ही गोष्ट धीराचं उदाहरण म्हणून सांगतात. त्यात धीर कुठे आहे? मालक विसरला होता. विसरणं म्हणजे थांबण्याचा निर्णय नव्हे. ज्या ड्रॉवरांमधून वाळवी लागलेले, भिजलेले, भाच्याने फोडलेले खेळ निघाले, त्यांची बातमी कुणी छापत नाही.

ठरवून थांबण्याचं खरं उदाहरण त्याच सुमाराचं आहे. रॅली नावाची एक अमेरिकी कंपनी दुर्मीळ वस्तू विकत घेते आणि त्यांचे छोटे हिस्से लोकांना विकते. तिने एप्रिल २०२० मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' ची एक सीलबंद प्रत १ लाख ४० हजार डॉलरना घेतली. पुढे तिला ३ लाख डॉलरचा देकार आला. दुपटीहून जास्त. हिस्सेदारांनी मतदान करून तो नाकारला. ऑगस्ट २०२१ मध्ये २० लाखांचा देकार आला, तेव्हा त्यांनी होकार दिला. दोन्ही निर्णय बरोबर ठरले, म्हणून ही गोष्ट फसवी आहे. पहिला नकार देताना त्यांच्या हातात काय होतं? बाजार वर जातोय एवढंच. दुसऱ्या होकाराच्या वेळी मात्र एक भक्कम कारण होतं. महिनाभरापूर्वीच जगातला विक्रम १५ लाख ६० हजारांचा झाला होता आणि समोरचा माणूस त्याहूनही जास्त द्यायला तयार होता. विक्रमाच्या वर देकार आला, तर आणखी वरच्या गिऱ्हाइकाची वाट बघायला फार मोठा विश्वास लागतो. त्यानंतर वर्षभरात या बाजाराची हवा बरीच गेली. २०२२ मध्ये वाटा कंपनीवर किमती फुगवल्याचा आरोप करणारा सामूहिक दावाही अमेरिकेत दाखल झाला. आरोप खरे-खोटे कसेही असोत, २०२१ चे आकडे पुढच्या दहा वर्षांच्या वाढीचा पाया धरणं धोक्याचं आहे, एवढं त्यावरून कळतं.

आता आपल्या कपाटाकडे वळू. त्यातल्या बहुतेक गोष्टींचं उत्तर एका वाक्यात संपतं. समुराई, लिटल मास्टर, मीडिया अशा नावांनी घराघरांत आलेल्या टीव्ही गेमबरोबरच्या पिवळ्या-निळ्या कॅसेटी, ज्यांच्यावर '९९९९ इन १' असं लिहिलेलं असायचं आणि आत फिरून फिरून तेच पाच-सहा खेळ निघायचे, त्या जपून ठेवाव्यात, पोरांना दाखवाव्यात, विकायच्या भरीस पडू नये. त्या नकली होत्या, अमाप छापल्या गेल्या आणि अजूनही तशाच छापल्या जातात. जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे.

पण नकलेच्या याच सुकाळाने एक गंमत केली आहे. दोन हजारच्या दशकात आपल्याकडे सोनीचा प्लेस्टेशन टू, म्हणजे पीएस टू घेतला की दुकानदारच विचारायचा, चिप मारून देऊ का. चिप मारली की मूळ डिस्कच्या किमतीच्या अंशात कॉपी सीडी मिळायची, आणि मग मूळ डिस्क घेणारा माणूस मूर्ख ठरायचा. त्या काळात सोनीने खास भारतीय बाजारासाठी काही खेळ काढले. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केलेला 'हनुमान: बॉय वॉरियर'. त्याच वर्षीचा, गेमशास्त्रने केलेला 'देसी अड्डा', ज्यात विटीदांडू, कबड्डी आणि पतंगबाजी आहे. पुढे 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स', २०११ मध्ये 'रा.वन', आणि २०१३ मध्ये, सोनीने पीएस टूचं उत्पादन थांबवल्यानंतर, 'डॉन २'. यातले बरेच खेळ भारताबाहेर अधिकृतपणे फारसे पोहोचलेच नाहीत, आणि भारतात मूळ डिस्क घेणारे थोडे. खेळ म्हणून ते सामान्य होते, हे मान्य करायला हरकत नाही. पण संग्राहकाला खेळायचं नसतं.

हा संग्राहक कोण, हे समजल्याशिवाय कधी विकायचं याचं उत्तर निघत नाही. जुन्या खेळांना तीन प्रकारचं गिऱ्हाईक असतं आणि तिघांची घड्याळं वेगळी चालतात.

पहिलं गिऱ्हाईक आठवणीचं. दहाव्या वर्षी जे हवं होतं आणि मिळालं नाही, ते हा माणूस चाळिशीत, हातात पैसा आल्यावर घेतो. अमेरिकेत १९८५ च्या सुमारास निन्टेंडो खेळलेली पोरं २०२० मध्ये पंचेचाळीसची होती; त्या बाजाराच्या उसळीत हा वयाचा हिशेब मोठा होता. या गिऱ्हाइकाची लाट येते तशी ओसरतेही, कारण त्याच्या मुलांना त्याच्या आठवणी नसतात. आपल्याकडे टीव्ही गेमवर वाढलेली पिढी आत्ता पस्तिशी-पंचेचाळिशीत आहे. पीएस टू खेळलेली पिढी तिच्या मागून येते आहे. त्यामुळे चांगल्या अवस्थेतली पीएस टूची वस्तू असेल तर काही वर्षं थांबण्याला कारण आहे. पण ती काही वर्षं, पिढ्यानपिढ्या नव्हे.

दुसरं गिऱ्हाईक गुंतवणुकीचं. ते सगळ्यात उशिरा येतं आणि सगळ्यात आधी पळतं. २०२१ चा उन्हाळा त्याचा होता. ते तुमच्या दारात आलं तर चहा पाजून व्यवहार उरकावा.

तिसरं गिऱ्हाईक संच पुरा करणारं, आणि 'हनुमान' किंवा 'देसी अड्डा' सारख्या डिस्कचं खरं गिऱ्हाईक तेच. युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात बसलेला एखादा माणूस पीएस टूवर निघालेला प्रत्येक खेळ जमवत असतो. हजारो खेळ झाले, उरले थोडे, आणि त्यातले काही फक्त भारतातच विकले गेलेले. त्याला खेळाची गोडी नाही, हनुमानाची भक्ती नाही, त्याला फक्त फळीवरची रिकामी जागा भरायची आहे. अशा माणसाला किमतीची घासाघीस कमी कळते. पण अशी माणसं जगात मोजकी असतात. एकाची जागा भरली की तो बाजारातून कायमचा गेला. म्हणून अशा वस्तूची किंमत शेअरसारखी हळूहळू चढत-उतरत नाही. बाजारात एकही प्रत नसताना ती उंच असते, आणि एकाच आठवड्यात तीन प्रती विक्रीला आल्या की धाडकन खाली येते. इथे 'कधी' चं उत्तर सालात मिळत नाही. दुसऱ्या कुणाची प्रत विक्रीला लागलेली नसेल, तो आठवडा तुमचा. त्यासाठी ईबेवर फक्त झालेल्या विक्री दाखवणारी सोय असते, ती लावून मागच्या काही महिन्यांचे व्यवहार बघावेत. मागितलेल्या किमती बघू नयेत. ओएलएक्सवर कुणीही कशालाही लाख रुपये मागू शकतो; त्या आकड्याला विकणाऱ्याच्या स्वप्नापलीकडे अर्थ नाही.

यातून उलटाही धडा निघतो. तुमच्याकडे एकाच खेळाच्या पाच प्रती असतील, तर सगळ्या एकदम बाहेर काढणं म्हणजे स्वतःशीच स्पर्धा. न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो या छोट्या शहराने हे फार छान सांभाळलं. १९८३ मध्ये अटारी कंपनीने तिथल्या कचरा डेपोत न खपलेल्या कॅसेटी पुरल्या होत्या, त्यात 'ई.टी.' हा कुप्रसिद्ध फसलेला खेळही होता. एप्रिल २०१४ मध्ये ते खणून काढलं. सुमारे तेराशे कॅसेटी हाती लागल्या. दबलेल्या, कुबट, बंद पडलेल्या. काही संग्रहालयांना गेल्या, आणि नगरपालिकेने पावणेनऊशेच्या आसपास कॅसेटी प्रमाणपत्रासह, हप्त्याहप्त्याने, २०१४ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या वर्षापर्यंत ईबेवर लिलावात काढल्या. एक लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. कचऱ्याला भाव आला तो गोष्टीमुळे. तो टिकला मात्र माल हळूहळू सोडल्यामुळे, आणि गोष्ट लोकांच्या तोंडी ताजी असतानाच विक्री सुरू केल्यामुळे. नगरपालिकेकडून एवढी बाजाराची जाण क्वचितच दिसते.

आता थांबायचं ठरवलंच, तर थांबण्याचं भाडं किती? पुस्तकी उत्तर सोपं आहे. समजा तुमच्या डिस्कला आज हातात ४० हजार मिळतायत. ते ७ टक्क्यांनी ठेवीत टाकले तर दहा वर्षांत साधारण ७८ हजार ७०० होतात. म्हणजे दहा वर्षांनी त्या डिस्कने तेवढे तरी मिळवले पाहिजेत, आणि तेही आज आहे त्याच अवस्थेत राहून. मावळात अडचण या शेवटच्या अटीत आहे.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुण्यात त्याच्या एक पंचमांशही नाही. याच पावसाचं पाणी साठवून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज काढली. त्यांना तो परवडला. तुमच्या पुठ्ठ्याच्या डब्याला परवडत नाही. जून ते सप्टेंबर बंगला बंद, भिंतींना पाणी सुटलेलं, कपाटाच्या मागच्या फळीवर पांढरी बुरशी. पुठ्ठा ओल ओढून फुगतो, वाळला की कडा उकलतात. मॅन्युअलची पानं एकमेकांना चिकटतात. डिस्कच्या डब्यातला छापील कागद लाटांसारखा होतो. सीलबंद प्रतीचं प्लास्टिक उष्णतेने आणि थंडीने आकसून कोपऱ्यात फाटतं, आणि ज्या वेष्टनासाठी माणूस पैसे देणार होता तेच गेलं. काही जुन्या कॅसेटींमध्ये खेळ साठवून ठेवायला नाण्याएवढी बॅटरी असते. तीही पंधरा-वीस वर्षांनी दम सोडते. ती गळली तर आतला बोर्ड खाते. हवा ओलसर असेल तर धातूची टोकं काळी पडतात, लेबल सुटतं.

म्हणून मी या भागातल्या माणसाला सांगेन, की तुमच्यासाठी दिवाळीच्या भावाचा विचार नंतर, मृग नक्षत्राचा आधी. वस्तू विकायचीच असेल तर मेअखेरपर्यंत तिचे नीट फोटो काढून विक्रीला लावावी. ठेवायचीच असेल तर पावसाआधी ती लोणावळ्यातून खाली न्यावी. तळेगावच्या फ्लॅटमधलं पलंगाखालचं खोकंही चालेल, तिथे पाऊस बराच ओसरलेला असतो. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर काही महिन्यांनी वाळवलेल्या. आणि स्टीलचं कपाट भिंतीला टेकवून ठेवू नये. हे सगळं करायचा कंटाळा असेल, तर तो प्रामाणिकपणे मान्य करून आज मिळेल त्या किमतीला विकावं. संग्रहाची अवस्था घसरते ती दोन निर्णयांच्या मधल्या काळात.

मावळात विकण्या-थांबण्याची चर्चा निघाली की कुणी तरी जमिनीचा दाखला देतंच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या आधी गुंठे विकलेल्या घरांत आजही हळहळ आहे, आणि मग 'थांबला तो जिंकला' असा निष्कर्ष काढला जातो. जमिनीच्या बाबतीत त्यात तथ्य असेलही. पण जमीन भिजून खराब होत नाही, तिच्या चाहत्यांची पिढी म्हातारी होत नाही, आणि लिलावात विक्रम झाला म्हणून लोकांच्या माळ्यांवरून आणखी शंभर गुंठे बाहेर येत नाहीत. खेळांच्या बाबतीत हे तिन्ही होतं. शेवटचं तर विशेष. भाव वाढला की जगभरचे ड्रॉवर उघडले जातात, आणि जी प्रत जगात एकुलती वाटत होती तिच्या बहिणी दिसू लागतात. दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या कोणत्या खेळाच्या किती प्रती तपासल्या याची नोंद ठेवतात. ती संख्या वर्षभरात दुप्पट झाली, तर तुमची प्रत तेवढीच कमी दुर्मीळ झाली असं समजावं.

कुठे विकायचं, हा प्रश्न कधी विकायचं याला चिकटूनच येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात ही वस्तू घेणारा मिळेल, पण तो व्यापारी आहे. त्याला पुढच्या गिऱ्हाइकाला विकताना स्वतःचा नफा ठेवायचा असतो. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराचंही तेच. संच पुरा करणारा माणूस परदेशात असेल तर माल टपालाने किंवा कुरियरने बाहेर पाठवावा लागतो, सीमाशुल्काच्या कागदावर खरी किंमत लिहावी लागते आणि पैसे परकी चलनात येतात. ईबेचा भारतीय बाजार २०१८ मध्येच बंद झाला; पेपॅलने देशांतर्गत व्यवहार एप्रिल २०२१ पासून थांबवले, परदेशातून पैसे घेणं मात्र सुरू ठेवलं. कटकट आहे. पण व्यापाऱ्याच्या आणि संग्राहकाच्या किमतीत जो फरक असतो, तो याच कटकटीचा मोबदला असतो. फरक छोटा असेल तर व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हावं.

शेवटी कर, आणि इथे कायद्याने नकळत एक विनोद केला आहे. आयकरात स्वतःच्या वापरातली जंगम वस्तू भांडवली मालमत्ता धरत नाहीत. दागिने, चित्रं, शिल्पं, पुरातत्त्वीय संग्रह आणि कलाकृती मात्र धरतात. म्हणजे पोराने खेळून खेळून ओरखडे पाडलेली डिस्क नफ्यात विकली, तर ती घरगुती वापराची वस्तू म्हणून सुटू शकते. जी कधीच उघडली नाही, गुंतवणूक म्हणूनच ठेवली, ती 'वापरातली' होती असं सांगणं अवघड. तिच्यावरचा नफा भांडवली नफा ठरू शकतो. चोवीस महिन्यांहून जास्त काळ ठेवली असेल तर २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर साडेबारा टक्के, महागाईची सवलत न देता. वर्षाला वीस खेळ घेऊन विकत असाल, तर तो सरळ धंदाच. रक्कम मोठी असेल तर विकण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारावं, नंतर नव्हे, आणि तो पहिल्यांदा खरेदीचं बिल मागेल. २००९ च्या दुकानाचं बिल डब्यात सापडलं तर फेकू नये. थर्मल कागदावरचं असेल तर अक्षरं उडायच्या आत त्याचा फोटो काढावा आणि मूळ कागद डिस्कबरोबरच ठेवावा. कराच्या कामाला तो लागतोच, आणि डिस्क खरोखर भारतातल्या दुकानातून आली याचा तोच पुरावा परदेशातल्या गिऱ्हाइकालाही दाखवता येतो.